बाजार भरवा, पण संध्याकाळचा

नेट मीटरच्या हिशेबात दुपारी दीडचं युनिट आणि रात्री आठचं युनिट सारखंच. दुपारी छपरावरच्या सौर पॅनलमधून दहा युनिटं तारेत सोडली, रात्री एसी लावून दहा परत घेतली, की हिशेब फिटला. घरमालकाला सोयीचं, समजायलाही सोपं. पण देशाच्या वीज बाजारात याच दोन वेळांचे भाव पाहा. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा निघतो. रखरखीत उन्हाच्या वेळी तो युनिटला दोन-तीन रुपयांवर, कधी त्याहूनही खाली येतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मात्र नियामकाने घालून दिलेल्या दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. गोव्याची बहुतेक वीज लांब मुदतीच्या करारांतली असल्याने हा फरक रोज एवढा टोचत नाही, पण कमी पडेल तेव्हा बाजारातूनच घ्यावी लागते. छपरावाल्याने दिलं स्वस्त वेळेचं, नेलं महाग वेळेचं. मधली तूट वीज खात्याची, म्हणजे फिरून सगळ्या ग्राहकांची.

हे सांगायचं कारण असं की आता याच छपरावाल्याने आपली जास्तीची वीज थेट शेजाऱ्याला विकावी, वाड्यावाड्यावर विजेचा छोटा बाजार उभा राहावा, अशी भाषा सुरू झाली आहे. मोबाइलवर भाव दिसेल, बोली लागेल, व्यवहार आपोआप होईल, वीज खात्याची मक्तेदारी संपेल, वगैरे. स्थानिक बाजाराला माझा विरोध नाही. उलट गोव्यासारख्या लहान राज्यात तो इतरांच्या आधी व्हायला हवा. पण जो बाजार आपल्याला विकला जातोय तो दुपारच्या युनिटांचा आहे, आणि आपली अडचण दुपारची नाहीच.

गोव्याचं स्वतःचं म्हणावं असं मोठं वीजकेंद्र नाही. सांकवाळला नाफ्थ्यावर चालणारं 48 मेगावॅटचं खासगी केंद्र होतं; त्याची वीज महाग पडे, आणि अखेर ते थंडावलं. बाकी भिस्त मुख्यतः केंद्र सरकारच्या प्रकल्पांतल्या वाट्यावर: कोरबा, विंध्याचल, रामागुंडमची कोळशाची वीज, तारापूर-काकरापारची अणुवीज. शेकडो किलोमीटरवरून तारा येतात आणि शेवटच्या टप्प्यात सह्याद्रीचा घाट उतरतात. या घाटावरूनच तमनारचं, म्हणजे छत्तीसगडच्या बाजूने वीज आणणाऱ्या वाहिनीचं, भांडण पेटलं. 400 केव्हीची नवी वाहिनी भगवान महावीर अभयारण्यातून नेण्याला 2020 मध्ये मोठा विरोध झाला, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने नवं जंगल तोडण्याऐवजी जुन्या वाहिनीचाच मार्ग वापरा असं सुचवलं. त्या वादात दोन्ही बाजू अर्धं बोलत होत्या, असं मला तेव्हाही वाटे. ‘छपरांवर सौर लावा, तार नकोच’ म्हणणाऱ्यांनी रात्रीचं काय ते सांगितलं नाही. ‘मागणी वाढतेय, तार हवीच’ म्हणणाऱ्यांनी ही मागणी नेमकी कुठल्या तासांत, कुठल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कुठल्या वाहिनीवर, वाढतेय याचा तक्ता लोकांपुढे ठेवला नाही. असा तक्ता ठेवला असता तर चर्चा आपोआप स्थानिक बाजाराकडे वळली असती.

शेजाऱ्याला वीज विकण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2016 साली एका गल्लीतल्या घरांनी असा पहिला व्यवहार केला, त्याचा गाजावाजाही खूप झाला. पण तिथल्या वीज नियमांमुळे तो फार पुढे सरकला नाही. स्वित्झर्लंडमधल्या वालेनश्टाट या गावात 2019 मध्ये 37 घरांनी वर्षभर बाजार चालवला. तो प्रयोग मला जास्त शहाणा वाटतो. गावची वीज कंपनी स्वतः त्यात होती, आणि तारेचं भाडं माफ न करता वीज किती दूर जाते त्या मानाने ठेवलं होतं. पुढे त्या देशाने स्थानिक वीज समुदायांना कायद्यातच जागा दिली आणि तत्त्व तेच ठेवलं: तारभाड्यात सूट मिळेल, पण मध्ये ट्रान्स्फॉर्मरची पायरी आली की ती कमी होईल. आपल्याकडे उत्तर प्रदेशच्या नियामकाच्या परवानगीने लखनौत 2020-21च्या सुमारास चाचणी झाली, दिल्लीतही एका वितरण कंपनीने केली. तंत्र चालतं, हे या सगळ्यांतून सिद्ध झालं. तंत्राबद्दल कुणाला शंका नव्हतीच.

हिशेब कुठे अडतो ते पाहायला फोंड्याजवळच्या एका वाड्यावर चला. ओळीने सहा-सात घरं, त्यातल्या चार छपरांवर पॅनल. एप्रिलची दुपार, घरोघरी माणसं कामावर, पंखेसुद्धा बंद. चारही घरांची वीज एकदम तारेत शिरते आणि ओळीच्या टोकाच्या घरात व्होल्टेज चढत जातं: 244, 249, 252. नियमाप्रमाणे 230च्या वर दहा टक्के, म्हणजे 253च्या पलीकडे गेलं की पॅनलला जोडलेल्या इन्व्हर्टरने स्वतःला तारेपासून तोडून घ्यायचं असतं. टोकाच्या घरातला माझा परिचित हे सगळं तोंडपाठ सांगतो. भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा दिवा तांबडा झाला की तो आत हाक मारतो, “गो, पंप लाव!” विहिरीवरचा पंप घरघरला की व्होल्टेज चार-पाच आकडे उतरतं, दिवा पुन्हा हिरवा. टाकी भरून वाहू लागते तरी पंप चालूच. रात्री साडेसातला त्याच घरात व्होल्टेज 200च्या खाली आणि मिक्सर कण्हत असतो.

हा माणूस उन्हात वीज वाया घालवतो आणि अंधारात विजेसाठी तिष्ठतो. दोन्ही एकाच तारेवर, सहा तासांच्या अंतराने. शेजाऱ्याला युनिट विकण्याचा बाजार त्याला दुपारी काय देईल? शेजारीही घरी नाही, आणि असला तरी त्याच्याही छपरावर पॅनल आहेत. विकणारे चार, घेणारा कुणी नाही. रात्री घेणारे सात, विकणारा कुणी नाही. चाळीस-पन्नास घरांच्या ट्रान्स्फॉर्मरवर तीन-चार विक्रेते असले तर त्याला बाजार म्हणणंच धाडसाचं; एकाने भाव धरून ठेवला की संपलं.

मग विक्रेता मोठं गिऱ्हाईक शोधील. इथे गोव्याची खास गुंतागुंत येते. आपले घरगुती वीजदर देशातल्या स्वस्त दरांपैकी आहेत. शंभर-दोनशे युनिटं वापरणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्याकडून चार रुपयांनी वीज घ्यायची गरज काय? त्याला खात्याकडूनच त्याहून स्वस्त मिळते. घेईल तो हॉटेलवाला, दुकानदार, रेस्टॉरंट, कारण व्यापारी दर चढे आहेत. आणि ते चढे आहेत ते उगाच नाही. त्या जास्तीच्या पैशावरच घरगुती स्वस्ताई बऱ्याच अंशी उभी आहे. कळंगुटच्या हॉटेलाने दुपारची वीज मागच्या बंगल्याकडून घेतली, तर तारा, खांब, ट्रान्स्फॉर्मर, पावसात झाड पडल्यावर रात्री दोनला शिडी लावणारा लाइनमन, हे सगळं तसंच राहील. फक्त त्याचा खर्च उचलणारा एक जण कमी होईल. राहिलेला बोजा सत्तरी, काणकोण तालुक्यांतल्या घरांवर येईल. दर आताच वाढवून दुरुस्त करा, असं अर्थशास्त्री म्हणतील. म्हणोत. निवडणूक लढवणारा कुणी ते करणार नाही, आणि ज्याचं बिल महिन्याला तीनशे रुपये आहे त्याच्या बाबतीत ते न्यायाचंही नाही.

मागचा बंगला हा शब्द मी मुद्दाम वापरला. बार्देशमध्ये, म्हापशाच्या आजूबाजूच्या गावांत, वर्षातले दहा महिने कुलूप असलेली किती घरं आहेत ते गावच्या पंचाला विचारा. मालक दिल्ली-मुंबईत, छप्पर सपाट, ऊन मोकळं, घरात खप शून्य. छपरी विजेच्या बाजारातला आदर्श विक्रेता तोच. त्याच्या शेजारच्या गावकऱ्याचं घर कौलारू, वर दोन माड आणि एका फणसाची सावली. किंवा तो मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, भाटकाराशी म्हणजे जमीनमालकाशी खटला चालू, छपराला हात लावायचा तर कागद हवा. किंवा तो भाडेकरू. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजार रुपयांचं अनुदान मिळतं हे खरं, पण छप्परच आपलं नसेल तर अनुदान कुठे चिकटवणार? आणि एका ट्रान्स्फॉर्मरला सौर झेपतं तेही मर्यादेतच. बंद बंगल्यांनी ती जागा आधी अडवली, तर गावकऱ्याने पाच वर्षांनी पैसे जमवून अर्ज केला की ‘क्षमता संपली’ असा शेरा येईल. जमिनीत जे झालं ते तारेत होऊ द्यायचं का, हा प्रश्न आताच विचारायला हवा.

सामायिक गोष्टीचा बाजार कसा भरवावा आणि तो कसा नासतो, या दोन्हींचा अनुभव गोव्याला इतर कुणापेक्षा जुना आहे. खाजन शेती घ्या. खाडीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, आत भात पिकवायचं, आणि भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून आत-बाहेर करायचं. मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. आधी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, ती करत असे. कुळकायद्यानंतर हे काम कुळांच्या संघांकडे आलं. पावणीचा पैसा बांधाच्या डागडुजीला लागायचा. म्हणजे बोली चढली तरी फायदा बांधाचा, आणि बांध टिकला तरच पुढच्या वर्षी बोली. बाजार होता, स्पर्धा होती, पण त्याच्या मुळाशी बांध होता.

मग मासळीचा, कोळंबीचा भाव भाताच्या कितीतरी पुढे गेला. मानशीची दारं शेताच्या गरजेने उघडायची सोडून मासळीच्या गरजेने उघडू लागली. खारं पाणी आत राहिलं. काही ठिकाणी बांध आपोआप फुटले, काही ठिकाणी ‘फुटले’. ज्याला बिघाडातून जास्त मिळतं त्याच्या हातात दार दिलं, की बिघाड होणारच. युरोपातले वीज अभ्यासक स्थानिक बाजारांबद्दल हीच भीती सांगतात: जास्त भाराने तार तुंबल्यावर ती मोकळी करायला पैसे मिळणार हे आधी ठाऊक असेल, तर काही जण आधी मुद्दाम तार तुंबवतात आणि मग ती मोकळी करण्याचे पैसे घेतात. खाजनाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर माझं म्हणणं असं की गोव्यात स्थानिक बाजाराचं पहिलं गिऱ्हाईक शेजारी नसावा, तार सांभाळणारं खातं असावं, आणि विकायची वस्तू म्हणजे संध्याकाळची मोकळीक, त्या वेळी तारेवरचा भार हलका करणं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये 2017 ते 2020 या काळात जवळजवळ असंच करून पाहिलं. तिथे काही घरांत बॅटऱ्या बसवल्या, काही व्यवसायांनी आपला खप मागे-पुढे करण्याची तयारी दाखवली, आणि ही लवचीकता विकत घेतली ती तिथल्या वितरण कंपनीने आणि राष्ट्रीय ग्रिडने. अमुक फीडरवर अमुक दिवशी सात ते दहा या वेळात दोनशे किलोवॅट कमी हवेत, कोण किती रुपयांत करतं, अशी बोली. जो कमीत कमी पैशात करील त्याला काम. नवा ट्रान्स्फॉर्मर, नवी भूमिगत केबल यांच्या खर्चापेक्षा बोली स्वस्त पडली तर घ्यायची, नाही तर केबल टाकायची. यात खात्यालाही लबाडी करता येत नाही, कारण दोन्ही आकडे समोर असतात.

विकणारे गोव्यात भरपूर आहेत, फक्त कुणी त्यांना विक्रेता म्हणून पाहिलेलं नाही. ओपा, असनोडा, साळावली इथून पाणी उपसून टाक्यांत चढवणारे सरकारी पंप दुपारच्या उन्हात जास्त आणि संध्याकाळी कमी चालवता येतील का? टाकीत पुरेसं पाणी असलं तर नळाला त्याचा पत्ताही लागणार नाही. मालीम, कुटबण, खारीवाड्याच्या मासेमारी धक्क्यांना बर्फ पुरवणारे कारखाने तर चालत्या बॅटऱ्याच: दुपारी गोठवलेला बर्फ रात्री वीज मागत नाही. कुंकळ्ळीतल्या पोलाद भट्ट्यांना पाळी दोन तास पुढे-मागे करण्याचे योग्य पैसे मिळाले तर त्या ऐकतील की नाही, हे बोलीच सांगेल. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांना थंड पाणी दुपारी करून टाकीत साठवता येतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बार्देशच्या किनारपट्टीवर जी ओढाताण होते, तिच्यावर असे चार मोठे ग्राहक चारशे छपरांपेक्षा जास्त उपयोगी पडतील. आणि टोकाच्या घरातल्या माझ्या परिचिताने पंपाऐवजी बॅटरी लावली, दुपारची वीज तिच्यात भरली, रात्री आठला तारेत सोडली, तर त्याला त्या तासाचा भाव मिळावा. दुपारचं व्होल्टेज आणि रात्रीचं व्होल्टेज, दोन्ही दुखणी त्याच एका डब्याने कमी होतात. त्याला तसा भाव दिसला पाहिजे, म्हणजे तो बॅटरीचा विचार करील. आज नेट मीटर त्याला ती घेऊ नकोस असंच सांगतो.

यात खातं गिऱ्हाईक असेल तर पंच कोण? गोव्यात वीज खातं हे सरकारी खातंच आहे. तार त्याची, खरेदी त्याची, विक्री त्याची, मीटरही त्याचा. बोली कुणाची मान्य झाली, दोनशे किलोवॅट खरोखर कमी झाले की नाही, हे ठरवायलाही तेच बसलं तर महिन्याभरात बोंबाबोंब सुरू होईल. आपला नियामक म्हणजे गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त वीज नियामक आयोग, तो बसतो गुरुग्रामला. त्याने दरवाढीच्या सुनावण्या घेणं वेगळं आणि पेडण्यातल्या एका फीडरचा पंधरा मिनिटांचा हिशेब तपासणं वेगळं. म्हणून फीडरवार, ट्रान्स्फॉर्मरवार भार आणि व्होल्टेजचे आकडे रोज सगळ्यांसाठी खुले करणं ही बाजाराची पहिली पायरी. कुणाच्याही घराचं नाव न देता हे करता येतं. आकडे उघडे असले तर अभियांत्रिकीची दोन मुलंसुद्धा लबाडी पकडतील.

खात्यातल्या कामगारांना यात खासगीकरणाचा चोरदरवाजा दिसतो. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये. याच आयोगाच्या कक्षेतल्या दादरा-नगर हवेली, दमण-दीवचं वितरण 2022 मध्ये खासगी कंपनीकडे गेलं, 2025 मध्ये चंदीगडचंही गेलं. पण शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला युनिटांचा बाजार खात्याला पोखरतो, तर संध्याकाळच्या मोकळिकीचा बाजार खात्याचीच तार वाचवतो, एवढा फरक संघटनांनी लक्षात घ्यावा. स्मार्ट मीटरबद्दलचा लोकांचा रागही मला समजतो. केंद्राने 2023 मध्ये नियम बदलून एप्रिल 2025पर्यंत शेती सोडून बाकीच्यांना वेळेनुसार दर लावायचं ठरवलं: उन्हाच्या वेळी किमान वीस टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी महाग. मीटर बदलून लोकांच्या हाती फक्त महाग संध्याकाळ आली आणि संध्याकाळी वीज वाचवल्याचं किंवा दिल्याचं मोल मात्र मिळालं नाही, तर ते मीटर फोडायची भाषा करणारच.

राहिला छप्पर नसलेल्यांचा प्रश्न. दिल्लीत 2019 पासून अशी सोय आहे की एका जागी सौर बसवायचं आणि त्याचा वाटा अनेकांच्या बिलांत वळता करायचा. गोव्यात याला जागा शोधत फिरावं लागणार नाही. पंचायतींची घरं, सरकारी शाळा, मासळी मार्केटं, पणजी-मडगाव-पर्वरीतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या गच्च्या, देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे धर्मशाळा. सोबत बॅटरी, आणि वाटे गावातल्या भाडेकरूंना, मुंडकारांना, माडांच्या सावलीतल्या कौलारू घरांना. ट्रान्स्फॉर्मरच्या क्षमतेतला ठरावीक हिस्सा अशा सामायिक प्रकल्पांसाठी आधी राखून ठेवायचा आणि उरलेला बंगल्यांना द्यायचा. बंगलेवाले न्यायालयात जातील, जाऊ देत.

सुरुवात दोन फीडरांपासून व्हावी, एक किनाऱ्यावरचा आणि एक फोंडा किंवा डिचोली तालुक्यातला. चाचणी घेणाऱ्या कंपन्या फेब्रुवारी ते मे हे महिने मागतील. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं आणि आकडे देखणे येतात. त्यांना जून-जुलै घ्यायला लावा. तेव्हा ट्रॉलर बंद, त्यामुळे बर्फ कारखान्यांचा खप कमी, ऊन दिवसेंदिवस नाही, वाऱ्याने फांद्या तारांवर, आणि घरोघरी ओले कपडे वाळवायला रात्रभर पंखे. त्या दोन महिन्यांत संध्याकाळी सातला कोण किती रुपयांत किती किलोवॅट देऊ शकलं, तेवढा एकच तक्ता पुढच्या दरसुनावणीत मागा.